विद्येचे मोल आणि शिपाईगिरी

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठी भाषेतील एक प्रदीर्घ शिलालेख आहे. भोसले घराण्याचा इतिहास त्यात कोरलेला असून दुसऱ्या सरफोजी राजांच्या कारकीर्दीत, १८०३ साली, तो सिद्ध झाला. महाराष्ट्रातून गेलेला यात्रेकरू तमिळ मुलखाच्या ऐन मध्यावर मायबोलीची अक्षरे पाहतो आणि क्षणभर थबकतो. याच शहरालगत आता वायुदलाचा एक मोठा तळ आहे. २० जानेवारी २०२० रोजी तेथे सुखोई विमानांचे पथक दाखल झाले. भिंतीवरचा लेख तलवारीच्या बळावर मिळालेल्या एका राज्याची हकीगत सांगतो. शहरालगतचा तळ आजच्या शस्त्रबळाची साक्ष देतो.

या दोहोंच्या मध्ये तंजावरचे नित्याचे जीवन चालते. सरफोजी राजांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय तेथे १९५५ मध्ये सुरू झाले. कुंदवै नाचियार या चोळ राजकन्येच्या नावाचे मुलींचे महाविद्यालय १९६६ मध्ये निघाले. कावेरीच्या खोऱ्यातील एखाद्या भूमिहीन शेतमजुराचा मुलगा बारावीची परीक्षा उत्तीर्ण होतो, तेव्हा त्याच्यापुढे महाविद्यालयाचा रस्ता असतो आणि सैन्यभरतीचाही असतो. पुष्कळदा तो या दोहोंची सांगड घालू पाहतो. आधी सैन्यात जावे, चार पैसे गाठीस बांधावे आणि त्या बळावर पुढे शिकावे, असा त्याचा बेत असतो. सांगली-साताऱ्याकडच्या किंवा बुलढाण्याकडच्या मुलाचा बेतही याहून निराळा नसतो. हा बेत कितपत रास्त आहे, आणि ज्या राज्यसंस्थेच्या भरवशावर तो आखला जातो तिचे त्या मुलाशी काय देणे लागते, या प्रश्नाचा विचार करण्यास तंजावरसारखे दुसरे ठिकाण सापडणे कठीण आहे.

विद्येचा खर्च भागविण्याच्या रीती स्थूलमानाने तीन आहेत. पहिल्या रीतीत राजा किंवा समाज खर्च करतो आणि विद्यार्थ्याकडून कशाचीही अपेक्षा करीत नाही. दुसऱ्या रीतीत खर्च आधी होतो आणि विद्यार्थी पुढे सेवा करून तो फेडतो. तिसऱ्या रीतीत सेवा आधी घडते आणि विद्या तिच्या मोबदल्यात मागाहून मिळते. शिपायाच्या वाट्यास सामान्यतः ही तिसरी रीत येते. तिन्हींचे धागे तंजावरपर्यंत पोहोचतात.

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी विजापूरच्या फौजेनिशी दक्षिणेत उतरून १६७६ च्या सुमारास तंजावरचे राज्य हस्तगत केले. त्यांच्यामागून त्यांचे पुत्र शहाजी गादीवर आले. या शहाजींनी १६९३ मध्ये तिरुविशनल्लूर हा गाव चाळीसहून अधिक विद्वानांना अग्रहार म्हणून दिला आणि त्यास शहाजिराजपुरम् असे नाव पडले. ही घटना विद्याव्यासंगाचे भूषण म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तिची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. राज्य मिळविले ते शिपायांनी. त्या राज्याच्या उत्पन्नातून अग्रहार मिळाला तो शास्त्री-पंडितांना. ज्याने भाला धरला त्याच्या मुलाने अक्षर गिरवावे, ही जबाबदारी त्या काळी कोणत्याही दरबाराने आपली मानली नव्हती.

सव्वाशे वर्षांनी हे राज्य गेले. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजी राजांनी मुलखाचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. राजांकडे तंजावरचा किल्ला, वर्षाला एक लक्ष होन आणि मुलखाच्या निव्वळ उत्पन्नाचा पाचवा हिस्सा एवढेच उरले. राज्य हातचे गेलेला हा राजा ग्रंथसंग्रह, वैद्यक आणि विद्यादान यांत रमला. सरस्वती महाल हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले स्मारक होय. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्याची अन्नछत्रे अधिक महत्त्वाची आहेत.

तंजावरच्या राजघराण्याने रामेश्वरच्या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली होती आणि त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिली होती. ही गावे कंपनीच्या कारभारात जाऊन छत्रांचा खर्च बंद पडेल, अशी धास्ती सरफोजींना वाटली. म्हणून १८०१ च्या जानेवारीत त्यांनी रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना एक पत्र लिहिले. छत्रांत काय काय चालते याचे वर्णन त्या पत्रात आहे. जातीचा भेद न करता सर्व वाटसरूंना अन्न मिळते. आजाऱ्याला वैद्य मिळतो. चार वेदांचे अध्यापक आणि पंतोजी नेमलेले असतात. छत्रात येऊन पोरक्या झालेल्या परदेशी मुलांना पंतोजींच्या हवाली करतात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, अंगाला तेल, वस्त्र आणि औषध मिळते. ज्या विद्येची आवड ते दाखवतील ती त्यांना शिकवतात, आणि ती साध्य झाल्यावर त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करते. स्वतःच्या निर्वाहासाठी जे काही ठरेल ते ठरो, पण या धर्मकार्यात कपात होऊ नये, अशी राजांची विनवणी होती.

पोरक्या मुलाला त्याच्या आवडीची विद्या शिकवावी, आणि मोबदल्यात त्याच्याकडून काहीही मागू नये, ही विद्यादानाची पहिली रीत झाली. सैन्य आणि मुलूख गमावून बसलेल्या राजाने ती प्राणपणाने जपली, हे विसरता येत नाही. तथापि तिची मर्यादाही उघड आहे. ती दात्याच्या उदारतेवर आणि लावून दिलेल्या गावांच्या उत्पन्नावर अवलंबून होती. दाता दुबळा झाला की त्याला विनवणी करावी लागे, आणि घेणाऱ्याच्या हाती तर कसलाच हक्क नसे.

विद्यादानाच्या दुसऱ्या रीतीचा धागा तंजावरहून बडोद्यास जातो. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले आणि तंजावरची गादी संपली. तलवारीला मागणी उरली नाही, पण लेखणीला होती. तंजावरच्या मराठी दरबाराशी संबंध असलेली कित्येक कारकुनी घराणी इंग्रजी शिकून संस्थानांच्या आणि कंपनीच्या कारभारात शिरली. कुंभकोणम येथे १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव अशाच घराण्यातले. त्यांच्या नावातील ‘टी’ हे अक्षर तंजावरचे होय. त्रावणकोर आणि इंदूर येथील दिवाणगिरीनंतर १८७५ मध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले. त्याच वर्षी दत्तक आलेले बारा वर्षांचे सयाजीराव गायकवाड त्यांच्या देखरेखीखाली वाढले. राजाने कसे वागावे याविषयी माधवरावांनी १८८१ मध्ये त्यांना दिलेली व्याख्याने पुढे ग्रंथरूपाने निघाली.

याच सयाजीरावांनी भीमराव रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत असताना दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. त्यासाठी ४ जून १९१३ रोजी एक करार झाला. शिक्षण पुरे झाल्यावर आंबेडकरांनी दहा वर्षे बडोदे संस्थानाची नोकरी करावी, असे त्यात ठरले होते.

करार उभयपक्षी स्वच्छ होता. १९१७ मध्ये आंबेडकर परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यास रुजू झाले. त्यांना महाराजांचे लष्करी सचिव हे पद मिळाले. पण कचेरीतले शिपाई त्यांच्या हाती कागद न देता लांबून टाकीत. राहावयास घर मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी आश्रय घेतला, तर तेथूनही त्यांना हुसकून लावण्यात आले. अखेर त्यांनी बडोदे सोडले. ऋण फेडण्याची इच्छा होती, पात्रता होती आणि करारही होता. परंतु भोवतालच्या समाजाने फेड होऊ दिली नाही. सेवेच्या बोलीवर विद्या देणाऱ्याने ती सेवा करता येईल अशी परिस्थितीही राखली पाहिजे, हा या प्रकरणाचा बोध होय. त्याकडे क्वचितच लक्ष दिले जाते.

आता तिसरी रीत. तिचा दाखला आंबेडकरांच्याच घरात आहे. त्यांचे वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि सैनिकी शाळेत अनेक वर्षे त्यांनी मुख्याध्यापकाचे काम केले. गावच्या शाळेत ज्या जातीच्या मुलाला पायरीशीही उभे करीत नसत, त्या जातीच्या शिपायाला आणि त्याच्या मुलाबाळांना पलटणीत अक्षरओळख होत असे. महार समाजातील पहिली साक्षर पिढी मोठ्या प्रमाणावर या छावण्यांतून घडली. परंतु हा लाभ कोणत्याही कायद्याने दिलेला नव्हता. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली, आणि त्याबरोबर पलटणीच्या शाळेची वाटही बंद झाली. सेवानिवृत्त शिपाई गोपाळबाबा वलंगकर यांनी भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १८९४ मध्ये अर्ज लिहिला, तेव्हा त्यांची तळमळ केवळ पगारासाठी नव्हती. महार पलटण पुन्हा उभी राहिली ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये बेळगाव येथे. मधल्या जवळजवळ अर्धशतकात किती मुलांची अक्षरे हुकली, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

तंजावरच्या शेजारी तिरुचिरापल्लीतही असाच एक आरंभ दिसतो. सरफोजींचे गुरू ख्रिस्तियन फ्रीडरिश श्वार्ट्झ हे जर्मन धर्मोपदेशक तंजावरास येण्यापूर्वी तेथे होते. १७६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिरुचिरापल्लीच्या दारूकोठाराचा स्फोट होऊन अनेक शिपाई प्राणास मुकले. त्यांच्या पोरक्या मुलांसाठी श्वार्ट्झ यांनी शाळा काढली. शिपायाने प्राण दिले, तेव्हा मुलाला शाळा मिळाली. विद्येचे याहून महाग मोल दुसरे नसेल; आणि येथेही ती शाळा एका सत्पुरुषाच्या कनवाळूपणाने मिळाली, शिपायाच्या हक्काने नव्हे.

शिपायाचा हा हक्क कायद्याच्या अक्षरात प्रथम मोठ्या प्रमाणावर उतरविला अमेरिकेने. २२ जून १९४४ रोजी, युद्ध चालू असतानाच, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनाच्या कायद्यावर सही केली. महाविद्यालयाच्या शुल्कासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत रक्कम आणि एकट्या माणसाला निर्वाहासाठी दरमहा ५० डॉलर असे त्यात ठरले. सुमारे २२ लाख माजी सैनिक या कायद्याच्या आधारे महाविद्यालयांत गेले. १९४७ मध्ये त्या देशातील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. शेतकऱ्यांची व कामगारांची मुले अभियंते आणि शिक्षक झाली. तथापि या कायद्याची अंमलबजावणी स्थानिक अधिकाऱ्यांच्या हाती होती. दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय सैनिकांना तिचा लाभ फारच थोडा मिळाला, कारण तेथील बहुतेक महाविद्यालयांची दारे त्यांना बंद होती. बडोद्याचा बोध येथे पुन्हा भेटतो. हक्क कागदावर असणे आणि तो पदरात पडणे यांमध्ये समाज उभा असतो.

भारतात या तिसऱ्या रीतीचे आजचे रूप काय आहे? अधिकाऱ्यांच्या बाबतीत ते फार जुने व सुस्थिर आहे. खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी १९५५ मध्ये सुरू झाली. तेथे बारावीनंतर निवडलेला विद्यार्थी तीन वर्षे शिकतो, जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी घेतो, आणि त्या शिक्षणाचा खर्च शासन सोसते. २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळाला असून त्यांची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यात उत्तीर्ण होऊन बाहेर पडली. म्हणजे अधिकारी होणाऱ्याला पदवी आधी मिळते आणि सेवा तो नंतर करतो.

जवानाचे तसे नाही. १४ जून २०२२ रोजी जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार तरुण चार वर्षांसाठी भरती होतो. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये ठरले. त्यांतील ९,००० सेवानिधीत जातात आणि शासन तितकीच भर घालते. चौथ्या वर्षी वेतन ४०,००० होते. चार वर्षांच्या अखेरीस सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये करमुक्त मिळावेत, अशी आखणी आहे. प्रत्येक तुकडीतील २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे कायम करावयाचे आणि उरलेल्यांनी घरी परतावयाचे, असे त्या वेळी ठरले. परतणाऱ्याला निवृत्तिवेतन नाही, उपदानही नाही. शिक्षणाची सोय मात्र योजनेत आहे. दहावी उत्तीर्ण होऊन आलेल्याला बारावीच्या समकक्ष प्रमाणपत्र मिळावे, आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाने त्याच्यासाठी खास पदवी अभ्यासक्रम ठेवावा, अशी ती सोय आहे. पदवीचे निम्मे श्रेयांक सैन्यातील प्रशिक्षणाबद्दल आणि निम्मे विषयांच्या अभ्यासाबद्दल द्यावयाचे आहेत.

या योजनेच्या सैनिकी गुणदोषांचा विचार करणे तज्ज्ञांचे काम आहे. शिक्षणाच्या बाजूने पाहता तिच्यातील एक गोष्ट स्वागतार्ह आहे. शिपाईगिरी आणि पदवी यांचा संबंध येथे आधीच, लेखी आणि सर्वांना सारखाच ठरविलेला आहे. रामजी सुभेदारांच्या काळी तसे नव्हते. परंतु कित्येक प्रश्न उरतात. अठराव्या वर्षी गेलेला मुलगा बाविसाव्या वर्षी परततो. सीमेवरच्या चौकीत, पहाऱ्याच्या पाळ्यांत, त्याला पुस्तक उघडावयास वेळ मिळाला नाही, तर उरलेले निम्मे श्रेयांक तो केव्हा मिळविणार? जी पदवी मिळेल तिला नोकरी देणारे इतर पदव्यांच्या बरोबरीने मानतील काय? हाती आलेली रक्कम बहिणीच्या लग्नात, बापाच्या कर्जात आणि घराच्या पत्र्यांत खर्च झाली, तर महाविद्यालयाच्या शुल्कासाठी काय राहील? गरीब घरात पैसा आला की त्याच्यावर पहिला हक्क गरजेचा असतो, विद्येचा नसतो. अमेरिकेच्या कायद्यात शिक्षणाची रक्कम शिक्षणासाठीच राखलेली होती, आणि हे त्याच्या यशाचे एक मोठे कारण होते. सेवानिधीचा एखादा भाग त्याचप्रमाणे विद्येसाठी राखून ठेवला आणि शासनाने त्यात वेगळी भर घातली, तर जवानाच्या चार वर्षांचे मोल अधिक न्याय्य रीतीने फिटेल.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. सैन्यात जाण्याचा निर्णय खुशीचा असावा. देशसेवेची ओढ, शिस्तीची आवड, साहस, घराण्याची परंपरा, यांपैकी कोणत्याही कारणाने तरुणाने शस्त्र धरावे. त्यात भूषणच आहे. पण केवळ महाविद्यालयाचे शुल्क परवडत नाही म्हणून त्याने ते धरावे, अशी वेळ येऊ नये. शिपाई जे देतो ते वेतनात मोजता येत नाही, कारण प्रसंगी तो प्राण देतो. पदवीसाठी प्राण पणाला लावण्याची पाळी गरिबाच्याच मुलावर यावी आणि श्रीमंताच्या मुलाने ती घरबसल्या मिळवावी, हा सौदा कोणत्याही प्रजासत्ताकाला शोभणारा नाही.

म्हणून छत्राची रीत टिकली पाहिजे. तमिळनाडूत तिचे नवे रूप पाहावयास मिळाले आहे. घराण्यात पहिल्यानेच पदवीच्या वाटेला लागलेल्या मुलांना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षणशुल्काची माफी तेथे २०१० पासून मिळू लागली. सरकारी शाळांतून शिकून महाविद्यालयात जाणाऱ्या मुलींना दरमहा १,००० रुपये देण्याची योजना सप्टेंबर २०२२ मध्ये, आणि तशीच मुलांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झाली. रकमा लहान आहेत. परंतु मोबदल्यात विद्यार्थ्याकडून कसलीही सेवा त्या मागत नाहीत. सरफोजींच्या छत्रांशी त्यांचे नाते आहे, आणि एका बाबतीत त्या छत्राहून बऱ्या आहेत. येथे विद्यार्थी राजाच्या दयेवर नसून नागरिक या नात्याने नियमाप्रमाणे मागणी करतो.

तंजावरच्या त्या बारावी उत्तीर्ण मुलाला कोणता सल्ला द्यावा? सैन्यात जाऊ नकोस, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणासही नाही. जावयाचे असल्यास करारातील प्रत्येक ओळ वाचून जा, पहिल्या दिवसापासून पदवीच्या अभ्यासक्रमात नाव घाल, आणि निधीतील विद्येचा वाटा आधी बाजूला काढ, एवढे सांगता येईल. खरा सल्ला त्याला नव्हे, राज्यसंस्थेला द्यावयाचा आहे. छावणीतून येणाऱ्याचे विद्येचे देणे वेळेवर व पुरतेपणी फेडावे, आणि जो छावणीत गेला नाही त्यालाही महाविद्यालयाचे दार उघडे ठेवावे. ते दार उघडे असेल, तर छावणीकडे वळणारे पाऊल स्वेच्छेचे ठरेल. आणि स्वेच्छेने आलेला शिपाई हा कोणत्याही सैन्याचा सर्वांत भरवशाचा शिपाई असतो.